भोकरचा दर शून्य, हार्दिक अभिनंदन!

मनोरुग्णांना मर्जीविरुद्ध दवाखान्यात डांबण्याचं प्रमाण कुठं किती, हे मोजण्याचा विद्वानांना भारी षोक. 2004 साली युरोपातल्या एका अभ्यासात दर लाख लोकांमागे पोर्तुगालात 6 आणि फिनलंडमध्ये 218 असा आकडा निघाला. म्हणजे फिनलंडवाल्यांची डोकी छत्तीसपट फिरलेली? छे. कायदे वेगळे, नोंदी वेगळ्या, असा खुलासा झाला. ठीक. आता हीच फूटपट्टी घेऊन नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या भोकरला या.

आमच्या तालुक्यात सरकारी मनोरुग्णालयच नाही. सबब इथं सक्तीनं दाखल झालेल्यांची संख्या शून्य. नकाशावर भोकर हिरवंगार! ज्या गावात विहीर नाही तिथं विहिरीत पडून कुणी मेलं नाही, म्हणून सरपंचाचा सत्कार करावा, तसली ही कर्तबगारी.

महाराष्ट्रातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. एकट्या येरवड्याच्या खाटा 2540. मराठवाड्यासाठी जालन्याला एक मंजूर झालं. मंजुरीवर सतरंजी टाकून निजता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

‘अहो, रुग्णाच्या पत्त्यावरून मोजू,’ असं एखादा हुशार म्हणेल. मोजा की! भोकरचा पोरगा पुण्यात बांधकामावर असताना बिथरला, तर पत्ता कुठला लिहाल? खोलीचा की आधारचा? आणि भागायचं कशानं? 2011 च्या जनगणनेनं. 2021 ची जनगणना 2027 वर गेली. वर आजचा रुग्ण, खाली पंधरा वर्षांपूर्वीची लोकसंख्या, आणि उत्तर मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक. याला शास्त्र म्हणतात, हसू नका.

बरं, सक्ती म्हणजे नेमकी कोणती? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 89 वाचा. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, मानसोपचारतज्ज्ञासह दोघांची स्वतंत्र तपासणी, तीस दिवसांची मुदत. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, एरवी सात दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. झकास! आता भोकरहून निघालेल्या जीपमध्ये डोकवा. मधल्या सीटवर तो, दोन्ही बाजूंना दोन चुलतभाऊ. ‘कुठं न्यायलाव मला?’ ‘काही नाही रे, नांदेडला बीपी बघून येऊ.’ दवाखान्यात कागद पुढं येतो, कुणीतरी त्याचा अंगठा धरून टेकवतं. झाला की राजीखुशीचा दाखला! ही सक्ती कुठल्या रकान्यात?

आणि जे जीपपर्यंतही पोचत नाहीत? ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून अंगारा, गंडा-दोरा, मग देवर्षी. पैसा संपला की मागची खोली आणि बाहेरून कडी. साखळीनं बांधायला त्याच कायद्याचं कलम 95 मनाई करतं. पण त्या खोलीत ना मंडळ, ना मुदत, ना रजिस्टर. म्हाताऱ्या आईला मी दोष देणार नाही. दार उघडं टाकून ती शेतात कशी जाईल? दोष त्यांचा, ज्यांच्या तक्त्यात ही खोली ‘कमी सक्तीचा प्रदेश’ म्हणून झळकते.

यावरही कडी ऐका. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारागणिक 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं निघालं. सर्वेक्षण 12 राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यांत नव्हताच! पुढारलेलं राज्य ना आपलं. वेडे शेजारी राहतात.

तेव्हा प्रादेशिक तफावत मोजणाऱ्या महोदयांनो, आधी खाट कुठं आहे ते मोजा, मग मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला कोणत्या वारी येतो ते विचारा, आणि मग बाहेरून लावलेल्या कड्या मोजायला आशाताईंबरोबर वस्तीवर चला. तोवर तुमचा नकाशा सक्तीचा नाही, फक्त खाटांचा आहे. तसं त्यावर ठळक अक्षरांत लिहा आणि मोकळे व्हा.