टाके वाढवा, पण आधी भागाकार करा

थंडीची चाहूल लागली की लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. बॉर्डर झकास जमते, पण ती संपल्यावर टाके वाढवायची वेळ आली की बऱ्याच जणी अडखळतात.

माझेही तसेच झाले होते. अब्बांच्या स्वेटरच्या पाठीला 12 टाके वाढवायचे होते. मी अंदाजाने वाढवत गेले. ओळ संपत आली तेव्हा 5 वाढवायचे राहिले होते, ते कडेला एकापाठोपाठ घातले. कुशीवर चांगला फुगा आला! अम्मी एवढेच म्हणाली, "बेटी, सुई धरण्याआधी कागद धरायचा."

तो कागद असा. समजा बॉर्डरचे 90 टाके आहेत आणि 102 करायचे आहेत. 90 ला 12 ने भागले की साडेसात येतात. अर्धा टाका विणता येत नाही, म्हणून एकदा 7 आणि एकदा 8 टाक्यांनंतर वाढवायचे. अगदी कडेला मात्र वाढवू नये, शिवण नीट बसत नाही. म्हणून दोन्ही टोकांना 4-4 टाके सोडा.

बॉर्डरनंतरच्या पहिल्या सुलट ओळीत 4 टाके विणा, एक वाढवा. मग 7 विणा, एक वाढवा. 8 विणा, एक वाढवा. असे 7 आणि 8 आलटून पालटून घ्या. बारावा टाका वाढवला की शेवटी 4 उरतील. मधल्या जागा 11 होतात: 7 च्या सहा, 8 च्या पाच. टोकांचे 8 मिळवले की बेरीज बरोबर 90.

वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर पुढून मागे उचला आणि त्याच्या मागच्या बाजूने सुई घालून सुलट विणा. धाग्याला पीळ बसतो, भोक पडत नाही. एकाच टाक्यातून दोन काढणार असाल, तर प्रत्येक वेळी 4, 7 किंवा 8 पैकी शेवटच्या टाक्यातूनच काढा, हिशेब तोच राहतो.

ओळ संपली की टाके मोजा. 102 नसतील तर तिथेच उसवा. एका ओळीचे उसवणे जड जात नाही.

अब्बांनी तो स्वेटर दोन हिवाळे वापरला, फुगा कोटाखाली झाकून. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी मी नवा विणला, कागद शेजारी ठेवून. त्या हिवाळ्यात अब्बांनी कोट खुंटीवरच ठेवला.