पोट साफ, किडनी माफ?

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून समोर आले. परिस्थिती बदलली की सूक्ष्मजीवांची वस्तीही बदलते. आपल्या आतड्यातही तसेच होते आणि त्याची झळ मूत्रपिंडाला बसते.

आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद, संग्रामपूर आणि शेगावच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे आजार अनेक वर्षे चर्चेत आहेत. तिथे गोड पाणी मिळायलाच हवे. पण मूत्रपिंड एकदा दुबळे झाले, की ते आणखी बिघडवणारी एक साखळी पोटातही सुरू होते.

न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात उतरली की तिथले जिवाणू त्यांपासून इंडोल आणि पी-क्रेसॉल बनवतात. यकृत त्यांचे रूपांतर इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेटमध्ये करते. निरोगी मूत्रपिंड ही द्रव्ये लघवीवाटे टाकते. दुबळ्याला ते जमत नाही. मग ती रक्तात साचतात आणि मूत्रपिंडाच्या पेशींना सूज आणतात. रक्तातील प्रथिनांना चिकटलेली असल्याने डायलिसिसनेही ती पुरती निघत नाहीत. साचलेला युरिया आतड्यात उतरतो, त्याचा अमोनिया होतो आणि आतड्याचे अस्तर सैल पडते. दुष्टचक्र ते हेच.

याउलट, भाकरी-भाजीतील चोथ्यापासून जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात. ती अस्तर मजबूत ठेवतात, सूज आवरतात.

म्हणून ओपीडीत प्रश्न येतो, ‘डॉक्टरसाहेब, पोट साफ करणारी पावडर घेतली तर किडनी सुधरेल का?’ ही द्रव्ये आतड्यातच शोषून घेणारा औषधी कोळसा जपानमध्ये १९९१ पासून वापरात आहे. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याने आजाराची वाटचाल रोखल्याचे दिसले नाही. प्रोबायोटिकच्या बाटल्यांचा पुरावाही अजून तोकडाच आहे. त्यांच्या भरवशावर रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी बंद करणे हा खरा धोका आहे.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. ताटात ज्वारी, डाळ, भाजी असू द्या. मात्र किडनीचा आजार आधीच असेल, तर पोटॅशियमचा प्रश्न असतो. भाज्या आणि फळे किती खायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.