फुटलेला टायर कोणाच्या ताब्यात?

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (परिवहन), गृह विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
द्वारा : मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग

विषय : मोटार शर्यतींना संमती देताना टायरची सुरक्षितता आणि पुरवठादाराची जबाबदारी लेखी ठरवून घेण्याबाबत.

महोदय,

रेवसहून निघणारा सागरी महामार्ग रेडीत संपतो. एका अंगाला तेरेखोलचे पात्र आणि पलीकडे गोवा, दुसऱ्या अंगाला लोहखनिजाची खाण आणि बंदर. खनिजाचे डंपर वर्षानुवर्षे दारावरून जाताना पाहिलेल्या या गावाला भरधाव गाडीचा टायर फुटला की काय होते, हे समजावून सांगावे लागत नाही. मोटार शर्यतींचा खेळ आता चहूबाजूंनी जवळ येत आहे. गोव्यात 2014 पासून ऐन पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरू लागली, नाशिकने राष्ट्रीय दर्जाच्या रॅली पाहिल्या, कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर तरुण चालक घडले आणि जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. उद्या किनाऱ्याच्या रस्त्यावर रॅली आली तर रेडीकर तिचे स्वागतच करतील. मात्र तिच्या आधी काही कागद तयार हवेत, म्हणून हे निवेदन.

टायर पुरवणाऱ्याचा शब्द किती मोलाचा असतो, हे 2005 मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीत जगाने पाहिले. शुक्रवार, 17 जूनच्या सरावात राल्फ शुमाकरच्या टोयोटाचा मागचा डावा टायर उतरत्या कडेच्या तेराव्या वळणावर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. टायर मिशेलिनचे होते. त्या वळणावरचा वेग कमी केल्याशिवाय पूर्ण शर्यतभर टायर टिकतील याची हमी देता येत नाही, असे कंपनीने संघांना आणि आयोजकांना लेखी कळवले. वळणाआधी वेग तोडणारा अडथळा घालावा, ही संघांची सूचना मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेने नाकारली. रविवारी संचलन फेरी संपताच मिशेलिनवरच्या चौदा गाड्या आत वळल्या आणि ब्रिजस्टोनवरच्या सहाच गाड्या धावल्या. भारताचा नारायण कार्तिकेयन त्या दिवशी चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. प्रेक्षक चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्तच होते. तरीही एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. पुरवठादाराने आपल्या मालातला धोका लपवला नाही, नंतर तिकिटांचे पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीच्या शर्यतीची वीस हजार तिकिटे विकत घेतली. जबाबदारी घेणे म्हणतात ते हेच.

दोष नेहमी एकट्या कंपनीचाच असतो असेही नाही. 30 जून 2013 रोजी सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टन, मासा, व्हर्न आणि पेरेझ यांचे टायर फॉर्म्युला वनच्या एकाच शर्यतीत फाटले. टायर पुरवणाऱ्या पिरेलीने दिलेल्या कारणांत संघांनी डाव्या-उजव्या टायरची केलेली अदलाबदल, कमी ठेवलेली हवा, चाकाचा जास्त दिलेला तिरपेपणा आणि ट्रॅकच्या कडेचे उंचवटे ही सगळी होती. पुढच्या शर्यतीपासून अदलाबदल बंद झाली, हवेला किमान मर्यादा आणि तिरपेपणाला कमाल मर्यादा आली, टायरच्या आतला पोलादी पट्टा बदलून केव्हलारचा झाला. 2023 मध्ये कतारला तर टायरच्या बाजूची वीण सुटू लागल्याचे दिसताच एका संचावर अठरा फेऱ्यांपेक्षा जास्त धावायचे नाही, असा हुकूमच निघाला. आकडा लिहिला की पाळता येतो आणि मोडणाऱ्याला पकडताही येते.

भारतात परिस्थिती निराळी आहे. चेन्नईजवळच्या आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवरील राष्ट्रीय स्पर्धा बहुतांशी टायर कंपन्यांच्या नावानेच चालत आल्या. एमआरएफ आणि जेके टायर यांनी पैसा घातला नसता तर या देशात हा खेळ वाढला नसता, याबद्दल निवेदनकर्त्यांना कृतज्ञताच आहे. पण ज्याचे नाव चषकावर, त्याचाच टायर गाडीला, अशा ठिकाणी टायर फुटला तर त्याची तपासणी त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत होऊन चालणार नाही. हा कोणावर आरोप नाही. परीक्षक आणि परीक्षार्थी वेगळे असावेत, एवढेच म्हणणे आहे.

आपल्याच उच्च न्यायालयाने याबाबत वाट दाखवली आहे. 2010 मध्ये पुण्याहून मुंबईला येणाऱ्या मोटारीचा मागचा टायर फुटून एका प्रवाशाचा मृत्यू झाला. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ते फेटाळले आणि सुमारे सव्वा कोटीची भरपाई कायम ठेवली. अतिवेग, कमी-जास्त हवा, जुने टायर, तापमान या साऱ्यांकडे चालकाने लक्ष द्यायचे असते, असे न्यायालयाने बजावले. साध्या मोटारीच्या मालकाला ही शिस्त लागू असेल, तर तिकीट लावून वेग विकणाऱ्या स्पर्धेला ती अधिकच लागू व्हायला हवी.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 189 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणची शर्यत राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय घेता येत नाही. म्हणजे किल्ली शासनाच्याच हाती आहे. ऑगस्ट 2024 मध्ये चेन्नईच्या रस्त्यावरील शर्यतीचे पहिल्या दिवसाचे वेळापत्रक ट्रॅकचे प्रमाणपत्र यायला उशीर झाल्याने रखडले. ते योग्यच झाले. तसाच कागद टायरसाठीही मागावा. कोणत्या पृष्ठभागावर, किती हवेत, किती अंतरापर्यंत हा टायर चालेल, हे पुरवठादाराने सहीनिशी लिहून द्यावे आणि ते संमतीपत्राला जोडलेले असावे. डांबरावर जे चालते ते जांभ्याच्या खडीवर, जुलैच्या पावसात चालेलच असे नाही. म्हणून कोकणातल्या स्पर्धेसाठी इथल्या पृष्ठभागावर घेतलेल्या चाचणीचा अहवाल हवा.

सर्वांत आग्रहाची मागणी फुटलेल्या टायरबद्दल आहे. स्पर्धेत टायर निकामी झाला की त्याचे तुकडे, रिम आणि हवेच्या नोंदी आयोजक किंवा कंपनी यांच्याकडे न देता परिवहन विभागाच्या अधिकाऱ्याने पंचनामा करून ताब्यात घ्याव्यात. तपास कंपनीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडे द्यावा आणि अहवाल मराठीतही जाहीर करावा. टायरच्या बाजूवरील उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे प्रत्येक गाडीच्या तपासणी तक्त्यात लिहिलेले असावेत.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने सदोष वस्तूबद्दल उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही उत्तरदायी धरले आहे. त्यामुळे चालकांकडून आणि स्वयंसेवकांकडून घेतल्या जाणाऱ्या हमीपत्रांत टायर पुरवठादाराला आधीच मोकळे करणारे कलम असू नये, आणि बाजूला उभ्या गावकऱ्याच्या इजेचा विमा आयोजक व पुरवठादार यांनी मिळून उतरवावा. स्पर्धेत वापरलेले टायर मोजून नष्ट करावेत. ते दुय्यम बाजारातून गावातल्या दुचाकींना लागता कामा नयेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशा कोणत्याही स्पर्धेचा अर्ज आल्यास संमती देण्यापूर्वी संबंधित ग्रामपंचायतींचे म्हणणे ऐकावे आणि या निवेदनावर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
रेडी, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग येथील ग्रामस्थ, वाहनचालक आणि गॅरेज कारागीर

प्रत माहितीसाठी : फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, चेन्नई