घासाघीस कुठे करावी?

मेथीच्या जुडीसाठी भांडणारी माणसे मोटारीच्या शोरूममध्ये मात्र गप्प बसतात, ही आपल्या मध्यमवर्गाची एक विलक्षण गंमत आहे. बाजाराच्या तोंडाशी टोपली घेऊन बसलेल्या खेड्यातल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालताना आपली जीभ मोठी धारदार होते. शहापुरात साडी घ्यायला गेल्यावर दुकानदाराला दहा घड्या मोडायला लावल्याशिवाय आपला हात पाकिटाकडे जात नाही. पण घराच्या खालोखाल आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करायची वेळ आली, की आपण काचेच्या दालनात गार वाऱ्याला बसतो, आलेला चहा पितो आणि समोरचा तरुण जिथे बोट ठेवील तिथे सही करून मोकळे होतो!

ज्या बाईच्या दोन रुपयांवर तिची संध्याकाळची चूल अवलंबून असते तिथे आपण घासाघीस करतो, आणि जिथे आपल्याच वीस-पंचवीस हजारांचा प्रश्न असतो तिथे ती करायला लाजतो. हा क्रम उलटा व्हायला हवा, एवढेच माझे म्हणणे आहे. मोटारीच्या बाबतीत घासाघीस हा कंजूषपणा नव्हे. ते हिशेब मागणे आहे आणि हिशेब मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

या गप्प बसण्यामागे थोडा इतिहासही आहे. एके काळी आपल्या देशात मोटार विकत मिळत नसे. ती मंजूर होत असे! अँबॅसडर किंवा फियाट, एवढीच निवड बहुतेकांपुढे होती. पैसे आगाऊ भरायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याचा नंबर लागला तो भाग्यवान. ज्याला घाई असे तो दुसऱ्याच्या नंबरवरची गाडी जादा पैसे मोजून घेत असे. अशा काळात विक्रेत्याला ‘भाव कमी करता का?’ असे विचारण्याची कोणाची छाती होती? १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, १९९३ मध्ये मोटार उद्योग परवाना पद्धतीतून मोकळा झाला आणि बाजार हळूहळू पालटला. अँबॅसडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. आज विक्रेता ग्राहकाला दिवसातून चार वेळा फोन करतो. काळ बदलला, पण आपल्या मनातला अर्जदार काही गेला नाही. पेढे, हार, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली आणि फोटो यांच्या गडबडीत आपण अजूनही गाडी ‘मिळाली’ असेच म्हणतो. ‘घेतली’ असे म्हणत नाही.

आता तो कागद पाहू. शोरूममध्ये आपल्याला एक आकडा सांगितला जातो: ‘ऑन रोड’ किंमत. हा आकडा म्हणजे निरनिराळ्या धान्यांची मिसळ आहे. त्यातले काही दाणे सरकारचे, काही कंपनीचे, काही विमा कंपनीचे आणि काही निव्वळ विक्रेत्याचे. ही धान्ये वेगळी केल्याशिवाय भाव करायला बसणे म्हणजे अंधारात तराजू धरणे होय.

सरकारचा भाग प्रथम बाजूला काढावा, कारण तिथे कोणाचेच काही चालत नाही. वस्तू व सेवा कर मूळ किमतीतच आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर तो १८ टक्के आहे. लहान म्हणजे चार मीटरपर्यंत लांबीच्या. इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्यांवर ५ टक्के कर आहे. त्यानंतर राज्याचा कर. आपल्या कर्नाटकात तो एकदाच, आजीव भरावा लागतो आणि तो देशातल्या भारी करांपैकी एक आहे. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर १४ टक्के कर आणि त्यावर उपकर धरला तर सुमारे सव्वा लाख रुपये होतात. गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर विक्रेता एक टक्का आयकरही कापून घेतो. मात्र हे पैसे बुडत नाहीत. आयकराचे विवरणपत्र भरताना ते वळते करून घेता येतात. ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते?

सरकारचा भाग वजा जाता जे उरते, ते बोलण्याचे क्षेत्र. तिथे पहिला येतो विमा. विक्रेत्याने सुचवलेलाच विमा घ्यावा असा कोणताही कायदा नाही. नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा तीन वर्षांचा विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एकेक वर्षाचा घेतला तरी चालतो. बाहेरच्या एक-दोन कंपन्यांकडून तेवढ्याच रकमेच्या संरक्षणाचे दर आणून टेबलावर ठेवा आणि चमत्कार पाहा! शिवाय जुन्या गाडीवर दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत ही गाडीची नसते, मालकाची असते. ती नव्या गाडीवर आणता येते आणि ती नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तेवढे पत्र घेण्याचे कष्ट मात्र करावे लागतात.

दुसरे येते ‘हँडलिंग’ नावाचे कलम. हे सरकारी शुल्क नव्हे. गाडी विकणे हाच ज्याचा धंदा, त्याने गाडी हाताळल्याचे वेगळे पैसे मागावेत, हे हलवायाने कुंद्याबरोबर कढई ढवळल्याची मजुरी निराळी लावण्यासारखे आहे. ‘हे कशाबद्दल?’ एवढा एक प्रश्न शांतपणे विचारला, तर हे कलम पुष्कळदा आपोआप विरघळते. तिसरे कलम आसनांची आवरणे, पायपुसणी, चकचकीत पट्ट्या यांचे. हवे ते घ्यावे, नको ते स्पष्ट शब्दांत काढून टाकायला सांगावे. बारा हजारांचे सामान ‘फुकट’ देण्यापेक्षा पाच हजार किमतीतून कमी करा, असे म्हणायला शिकावे. फुकट वस्तूची किंमत देणाराच ठरवत असतो. रोख सवलतीची मात्र आपल्याला मोजता येते.

चौथे कलम कर्जाचे आणि ते सर्वांत फसवे. ‘फक्त सहा टक्के’ असे कोणी म्हणाले तर ते सरळ व्याज आहे की घटत्या शिलकीवरचे, हे विचारावे. पाच लाख रुपये पाच वर्षांसाठी सहा टक्के सरळ व्याजाने घेतले तर व्याज दीड लाख होते आणि महिन्याचा हप्ता १०,८३३ रुपये. दर महिन्याला मुद्दल फिटत असतानाही व्याज मात्र पूर्ण पाच लाखांवर चालू राहते. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर जवळजवळ अकरा टक्के पडतो! वाणिज्य शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याने हे गणित दहा मिनिटांत पडताळून पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ कर्जांबरोबर सर्व खर्च धरून होणारा वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक देणे बँकांना बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे आणि सही करण्यापूर्वी वाचावे.

जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्यांनी हे दोन व्यवहार वेगळे ठेवावेत. एका हाताने जुन्या गाडीला दहा हजार जास्त देऊन दुसऱ्या हाताने नव्या गाडीवर ते परत घेणे, ही व्यापारातली प्राचीन कला आहे. प्रथम नव्या गाडीचा भाव पक्का करावा आणि मगच जुनीचा विषय काढावा. तोही बाहेर दोन ठिकाणी किंमत विचारून आल्यावर.

विक्रेता कोणता निवडावा? पुष्कळ लोक शोरूमची फरशी पाहून निवडतात. मी म्हणेन की मागच्या बाजूचे वर्कशॉप पाहा. गाडी एकदाच विकत घ्यायची असते, दुरुस्तीला मात्र अनेक वर्षे न्यायची असते. वर्कशॉपच्या दाराशी अर्धा तास उभे राहून गाडी न्यायला आलेल्या चार मालकांशी बोलावे. सांगितलेल्या वेळी गाडी मिळते का? न सांगता कामे वाढवतात का? यातून जे कळते ते कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते. विक्रेता जवळचा असणे सोयीचे, पण भाव मात्र एकाच ठिकाणी विचारू नये. बेळगावात आणि हुबळीत मिळून त्याच कंपनीच्या दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी दरपत्रके घ्यावीत. गाडी हुबळीत घेतली म्हणून बेळगावच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये तिची वॉरंटी नाकारली जात नाही.

‘आमच्या कंपनीचा भाव सगळीकडे सारखाच’ असे उत्तर मिळाले तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विक्रेत्यांनी ठरावीक मर्यादेपलीकडे सवलत देऊ नये असे बंधन घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली, हेही सांगितले पाहिजे. पण आयोगाची भूमिका स्पष्ट होती: एकाच कंपनीच्या विक्रेत्यांतसुद्धा चढाओढ असावी आणि तिचा लाभ ग्राहकाला मिळावा. मग ग्राहकानेच ती चढाओढ लावायला संकोच का करावा?

वेळेचेही महत्त्व आहे. विक्रेत्याला कंपनीने महिन्याचे आणि तिमाहीचे लक्ष्य दिलेले असते, म्हणून महिनाअखेरीस त्याचा हात सैल होतो. वर्षअखेरीस सवलत वाढते, पण जानेवारीत ‘नवी’ म्हणून मिळणारी गाडी गेल्या वर्षी तयार झालेली असू शकते. पुढे विकताना ती एका वर्षाने जुनी धरली जाते. विक्रीच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. पूर्ण पैसे भरण्यापूर्वी तेच गाडीच्या चेसिस क्रमांकाशी ताडून पाहावे. जुनी गाडी घेऊच नये असे नाही. तिचा भाव जुनीचा असावा, एवढेच.

आपण सीमाभागातले लोक. इथे आणखी एक मोह असतो. कोल्हापूरला मामा असतो, गोव्यात मेव्हणा असतो. त्यांच्या पत्त्यावर नोंदणी करून कर वाचवावा, असा सल्ला देणारे घरोघर भेटतात. कायदा सांगतो की मालक राहतो आणि गाडी ठेवली जाते त्या ठिकाणी नोंदणी व्हावी. परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली तर इथली नोंदणी घ्यावीच लागते. रस्ते इथले वापरायचे आणि कर तिथे भरायचा, याला चातुर्य म्हणता येणार नाही. जो विक्रेत्याकडे स्वच्छ हिशेब मागतो त्याचा स्वतःचा हिशेबही स्वच्छ हवा. ‘थोडे रोखीत द्या’ या सूचनेलाही हाच न्याय लावावा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून कायद्याने मनाई आहे.

यावर काही जण म्हणतील, ‘घासाघीस करणारे करतात, न करणारे करत नाहीत, त्यात इतरांनी का पडावे?’ पण सवलत आकाशातून पडत नाही. बोलक्या ग्राहकाला दिलेली सूट मुक्या ग्राहकाकडून भरून काढली जाते. हा मुका ग्राहक कोण असतो? खानापूरच्या बाजूचा, भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून आलेला निवृत्त शिक्षक. नवऱ्याच्या मागे मुलांसाठी गाडी घ्यायला आलेली बाई, जिच्याऐवजी विक्रेता तिच्याबरोबर आलेल्या दिराशीच बोलतो. घराण्यातली पहिली मोटार घेणारे कुटुंब. दरपत्रक इंग्रजीत असते, अटी बारीक टाइपात असतात आणि ‘कळले नाही’ म्हणायची लाज वाटते. म्हणून हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या हुशारीचा राहत नाही. तो सामाजिक होतो.

आणि टेबलाच्या पलीकडे कोण बसलेला असतो? पुष्कळदा आपल्याच महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला पदवीधर! त्याच्या डोक्यावर लक्ष्याची टांगती तलवार असते आणि पगार बेताचा असतो. त्याच्याशी उर्मटपणे बोलणे म्हणजे घासाघीस नव्हे. आवाज न चढवता, प्रत्येक कलमाचा अर्थ विचारून, मान्य झालेले सर्व सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावे. बुकिंग रद्द केल्यास पैसे किती आणि केव्हा परत मिळतील, हेही त्यात यावे. असा व्यवहार त्या तरुणालाही सोयीचा असतो, कारण मागाहून होणाऱ्या भांडणाचा पहिला बळी तोच असतो.

शेवटी एक सूचना. या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग आहेत. दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी, वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली, मोटारीच्या दरपत्रकाचा एक पानाचा नमुना दोन्ही भाषांत तयार करावा. डाव्या बाजूला कलम, मध्ये ‘हे सरकारचे की विक्रेत्याचे?’ आणि उजवीकडे ‘काय विचारावे?’ एवढाच. त्याच्या प्रती काढून गावोगावच्या वाचनालयांत आणि पतसंस्थांत ठेवाव्यात. खर्च काही शेकड्यांचा येईल. एखाद्या कुटुंबाचे त्यातून वीस हजार वाचले तरी आपल्या शिक्षणाचे चीज झाले, असे म्हणता येईल.

आणि मेथीची जुडी? ती मात्र सांगितलेल्या भावाने घ्यावी.