चाकांकडे बघणारा प्रेक्षक

‘शोले’तलं जय-वीरूच्या दोस्तीचं गाणं एकदा आवाज बंद करून बघा. नजर धर्मेंद्र-अमिताभवरून आपोआप खाली चाकांकडे जाते. साइडकार जोडलेली ती मोटरसायकल म्हणजे बीएसए कंपनीची डब्ल्यूएम २०, १९४२ सालची, ५०० सीसीची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांसाठी हे मॉडेल लाखाच्या वर बनलं. नंबरप्लेटवर ‘एमवायबी’, म्हणजे जुन्या म्हैसूर राज्याची मालिका. कथेतलं रामगढ कुठेही असो, शूटिंग बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत झालं, हे पाटी बिनबोभाट सांगून टाकते. ‘शोले’ पन्नास वर्षांचा झाला म्हणून २०२५च्या ‘इफ्फी’ चित्रपट महोत्सवात ही गाडी गोव्यात मांडली होती.

पडद्यावरच्या गाड्या ओळखायची मला खोड आहे. घरचे वैतागतात. नायिका रडत असते आणि मी मागच्या गाडीची जाळी बघत असतो. पण या खोडीतून एक गोष्ट लक्षात आली. १९७५च्या सिनेमात १९४२ची मोटरसायकल आली आणि कुणालाच ती खटकली नाही. कारण ती तेव्हा रस्त्यावर खरोखरच धावत होती. युद्ध संपल्यावर लष्कराने विकलेल्या गाड्या लोकांच्या हाती आल्या. परदेशी गाड्यांची आयात जवळपास बंद, देशी गाड्यांसाठी नंबर लावून थांबायचं. मग आहे तीच गाडी मेकॅनिककडून पुन्हापुन्हा उभी करून घ्यायची.

हॉलिवूडचं उलट. ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) हा १९४४मधल्या युद्धकैद्यांच्या पलायनाचा सिनेमा. त्यात स्टीव्ह मॅक्वीन पळवतो ती ‘जर्मन’ मोटरसायकल प्रत्यक्षात युद्धानंतरच्या काळातली ब्रिटिश ट्रायम्फ टीआर६ आहे, लष्करी रंग फासलेली. युद्धकाळातली जड बीएमडब्ल्यू कुंपणावरून उडवणं अवघड होतं. ती प्रसिद्ध उडीही मॅक्वीनची नव्हे, बड एकिन्सची. तिकडे जुन्या गाडीचं सोंग आणावं लागलं. आपल्याकडे जुनी गाडी रोजच्या कामावर होती.

पण त्यामुळेच आपल्या सिनेमातल्या गाडीवरून काळ ओळखणं महाकठीण. अमेरिकन गाड्यांचं रूप पूर्वी दरवर्षी बदलायचं. मागचे पंख आडवे पसरलेली शेवरले इम्पाला दिसली की ती १९५९ची, विषय संपला. आपली अॅम्बेसेडर मात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४पर्यंत जवळजवळ त्याच अंगाने बनत राहिली. तिथे समोरची जाळी आणि दिवे बघून मार्क वन की मार्क टू हे ठरवायचं. फियाटचं त्या मानाने सोपं. पुढचं दार उलट्या बाजूने उघडलं तर ती डुक्कर फियाट किंवा तिच्या मागोमाग आलेलं तिचं भावंड. पुढे १९६४ला फियाट डिलाइट आली आणि तिचाच सांगाडा नाव बदलून पद्मिनी म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिला.

अशा वेळी पाटी कामाला येते. ‘बीएम’ने सुरू होणारा नंबर जुन्या मुंबई राज्याचा. पाटीवर ‘एमएच’ दिसलं तर तो सिनेमा ऐंशीच्या दशकाच्या अगदी अखेरीचा किंवा त्यानंतरचा. मोटरसायकलींना मात्र पाटीची गरज नसते, लकबीच पुरतात. ज्या दांडीने किक मारली तीच खाली वळवून गिअर टाकला, तर ती जावा किंवा येझदी. ‘बॉबी’मधली बुटकी राजदूत तर पोरासोरांनाही कळायची, बाजारात तिला नावच सिनेमाचं पडलं. फसवतो तो फक्त आवाज. दिसते टू-स्ट्रोक आणि ऐकू येते बुलेट, असा प्रकार डबिंगमध्ये सर्रास चालतो.

जुन्या गाड्या सहज मिळण्याचे दिवस मात्र सरले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या नियमाने ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. नव्वदीतल्या मुंबईवर सिनेमा काढणाऱ्याला पूर्वी नाक्यावर हात दाखवला की टॅक्सी मिळायची. आता ती भाड्याने आणावी लागेल, रंगवावी लागेल किंवा कॉम्प्युटरवर काढावी लागेल. म्हणजे आपणही हॉलिवूडच्या वाटेला लागलो. आमच्यासारख्या खोडकर प्रेक्षकांना चुका काढायला यापुढे भरपूर काम आहे.