हॉटेलात कामाला जाताय? आधी तपासणीचं बघा

पाऊस दगा देतो, सोयाबीनचा हिशेब जुळत नाही, तेव्हा आपल्या पाटोदा तालुक्यातली माणसं कोयता उचलतात, नाहीतर शहराची वाट धरतात. त्यातली कितीतरी पोरं बीड, अहिल्यानगर, पुण्याच्या हॉटेलांत राबतात. कुणी भटारखान्यात, कुणी वाढपी, कुणी भांड्यावर.

परवा असाच सुट्टीवर आलेला एक पोरगा बांधावर भेटला. त्यानं खिशातून वैद्यकीय दाखला काढून दाखवला. डोळे तपासले, त्वचा तपासली, लस टोचली, सगळं लिहिलेलं. विचारलं, "डॉक्टरांनी काय काय बघितलं रे?" तर म्हणाला, "साहेब, डॉक्टर कुठं बघायला! मालकानं कागद आणला अन् पगारातून पैसे कापले."

वाचकहो, गोम इथंच आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याखालच्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. आतड्याच्या रोगांवरची लस टोचली पाहिजे. दाखल्यावर नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. आणि ही सगळी व्यवस्था लावणं, तिची नोंद ठेवणं हे मालकाचं काम आहे, कामगाराचं नव्हे.

तपासणी कशासाठी? माणूस ठणठणीत दिसला तरी विषमज्वराचे जंतू त्याच्या पोटात असू शकतात. न्यूयॉर्कची मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः धडधाकट होती, पण तिच्या हातचं खाऊन घरंच्या घरं आजारी पडली. १९०७ साली तिला वेगळं ठेवावं लागलं. खोट्या सहीनं जंतू मरत नाहीत. शिवाय पोराला खरंच काही दुखणं असेल, तर ते वेळेत कळायची एकुलती एक संधीही जाते.

दुसरा कागद प्रशिक्षणाचा. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१७ मध्ये 'फोस्टॅक' प्रशिक्षण सुरू केलं. परवानाधारक धंद्यात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असा दंडक आहे. भांडी घासणाऱ्या पोराला वर चढायची ही पायरी आहे. ती आपल्या पोरांना कुणी दाखवत नाही, हे दुखणं आहे.

आपल्याला या कायद्याची सवय नाही, त्यालाही कारण आहे. शेतकऱ्याला आणि शेतावरच्या मालाला तो लागू नाही. पण तेच बेसन, तोच कांदा कढईत पडला की नियम सुरू. सौताड्याच्या धबधब्याला पावसाळ्यात गर्दी होते, तिथल्या भजीच्या गाडीलाही स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हात चुकत नाहीत.

तेव्हा पोरांनो, कामाला लागताना मालकाला सरळ विचारा, तपासणी कधी आणि कुठं करणार? दाखल्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. न तपासता दिलेला कागद घेऊ नका. आणि अन्न व औषध प्रशासनाला एक विनंती: पोरं गाव सोडण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, हे प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणीच घ्यावं. बियाणं पेरण्याआधी उगवण तपासतो ना आपण? मग शहरात पाठवतो त्या पोराची तपासणी नुसत्या कागदावर कशी चालेल?