हरलो म्हणायच्या आधी

"वावर पांढरं, बी काळं. पेरणी हातानं, कापणी डोळ्यांनी. काय ते सांग."

आजीनं हे मला घातलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. चाळीसगाव तालुक्यातलं आजोळ, मे महिना, वीज गेलेली, आणि आम्ही दोघं ओट्यावर. मी आधी तीळ म्हणालो, मग सरकी, मग उडीद. काळं बी असलेलं जे जे पीक ठाऊक होतं ते सगळं सांगून झालं. आजी दर वेळी नुसती मान हलवायची. शेवटी मी रडकुंडीला आलो. "हरलो म्हण, लगेच सांगते," ती म्हणाली. मी म्हटलं नाही. तिनंही सांगितलं नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

यंदाचा आपला दिवाळी अंक कोड्यांचा आहे. कथा, कविता, लेख नेहमीसारखे आहेतच; पण त्यांच्या अधूनमधून जुने उखाणे आहेत, तर्काची कोडी आहेत, गणिताची आहेत. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. या अंकात उत्तरं छापलेली नाहीत. शेवटच्या पानावर नाहीत, बारीक टाइपात उलटी करूनही नाहीत. यावरून संपादक मंडळात चांगलीच वादावादी झाली. पैसे मोजून अंक घेतलेल्या वाचकाला उत्तर मिळायला हवं, हे म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी मी हट्ट सोडला नाही. तो का सोडला नाही, ते सांगण्यासाठी ही पानं.

मराठीत प्रश्न विचारतात, पण कोडं घालतात. हे क्रियापद मला फार प्रिय आहे. पाखरांना दाणे घालतात, पाहुण्याला जेवू घालतात, आणि कोडं घालतात. समोरच्यानं जवळ यावं, वाकावं, वेचावं, एवढीच घालणाऱ्याची इच्छा असते. परीक्षेतल्या प्रश्नामागे शंका असते, याला येतं की नाही. कोड्यामागे विश्वास असतो, हे तुला सुटेल. उत्तर ठाऊक असूनही जो गप्प बसतो, तो त्या विश्वासाला जागत असतो. आजीचं ते नुसतं मान हलवणं मला तेव्हा दुष्टपणाचं वाटलं होतं. आठ वर्षांच्या पोराला इतक्या बरोबरीनं वागवणारं माणूस मला पुढं फार कमी वेळा भेटलं.

उखाणा म्हटलं की आता लग्नातलं नाव घेणं आठवतं. पण उखाण्याचा एक जुना अर्थ कोडं हाच, आणि खेड्यापाड्यांत तो अजून चालतो. कोकणात आणि गोव्यात त्यालाच हुमाण म्हणतात. संतांच्या वाङ्मयात कूट अभंग आहेत. ज्ञानदेव-एकनाथांच्या नावावरची कूटं उलगडण्यात कीर्तनकार अख्खी रात्र घालवू शकतो, आणि श्रोतेही शेवटपर्यंत बसतात.

कोड्यांना देशांच्या सीमा कधी अडल्या नाहीत. वाघ, शेळी आणि गवताचा भारा घेऊन नदीकाठी उभा असलेला माणूस आपल्या घराघरांत ठाऊक आहे. होडीत तो आणि आणखी एकच काहीतरी मावतं. वाघ-शेळी मागं ठेवली तर वाघ शेळी खातो, शेळी-गवत ठेवलं तर शेळी गवत खाते. हाच माणूस लॅटिन भाषेतल्या एका संग्रहात लांडगा, शेळी आणि कोबी घेऊन उभा आहे. तो संग्रह यॉर्कचा विद्वान अल्क्विन याच्या नावावर आहे. अल्क्विन शार्लमेन राजाच्या दरबारात होता आणि इ.स. ८०४ मध्ये वारला. तरुणांच्या बुद्धीला धार लावण्यासाठीची कोडी, असं त्या संग्रहाचं नावच आहे. मुलांना हे कोडं घालताना त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहावं. चौथ्या-पाचव्या खेपेला सगळी मुलं एकाच जागी अडतात, कारण पलीकडं पोचवलेलं परत अलीकडं आणायला कुणाचं मन धजत नाही. ते मन ज्या क्षणी तयार होतं, तो क्षण चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. आपण मधेच बोललो तर तो क्षण त्या मुलाला पुन्हा कधी मिळत नाही. एका कोड्याचा शोध माणसाला आयुष्यात एकदाच लागू शकतो.

आजोळाहून पाटणादेवीला आम्ही लहानपणी डबे घेऊन जायचो. तिथल्या पाटणे गावचा शिलालेख गणिताच्या इतिहासात केवढा मोलाचा आहे, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांनी मठ काढला, आणि त्या मठाला दिलेल्या दानांची नोंद १२०७ साली दगडावर कोरली गेली. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. नातवानं आजोबांच्या कोड्यांसाठी पाठशाळा काढावी, ही गोष्ट मला कुठल्याही विजयस्तंभापेक्षा मोठी वाटते.

कोडी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. भास्कराचार्यांनी इ.स. ११५०च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'लीलावती' रचली. त्यात आधी रीत येते आणि मग उदाहरण, आणि ते उदाहरण कुणाला तरी संबोधून घातलेलं असतं: कधी 'बाले', कधी 'सखे', कधी 'कान्ते', कधी नुसतंच 'गणक'. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही कथा १५८७ साली अकबराच्या आज्ञेवरून फैजीनं केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते. मूळ ग्रंथात ती नाही. कथा खरी असो वा नसो, ग्रंथातली हाक खरी आहे. समोर कुणीतरी बसलेलं आहे, त्याला हे येईल असं वाटतं आहे, म्हणून ही हाक.

त्यातलं भुंग्यांचं उदाहरण पाहा. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढा. तेवढे भुंगे मालतीकडे गेले. सगळ्या थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले. उरला एक भुंगा. तो रात्री सुगंधाच्या लोभानं कमळात शिरला आणि मिटलेल्या पाकळ्यांत अडकून गुणगुणतो आहे. आणि उरली त्याची भुंगी, जी बाहेरून त्याला साद देते आहे. तर थवा केवढा? शाळेत असताना मी हे वर्गसमीकरण मांडून सोडवलं आणि लगेच विसरलो. खूप वर्षांनी परत वाचलं तेव्हा समीकरण मांडलं नाही. थव्याचे नऊ सारखे भाग व्हायला हवेत, आणि निम्मा थवा पूर्ण वर्ग असायला हवा. या दोन्ही अटी पाळणाऱ्या संख्या लहानापासून लिहू लागलात तर फार वेळ लागत नाही. पहिली जुळत नाही. पुढं तुम्ही.

किंवा तळ्यातलं कमळ घ्या. कळी पाण्याच्या वर वीतभर, म्हणजे अर्धा हात. वारा आला, देठ कलला आणि कळी दोन हातांवर पाण्यात बुडाली. पाणी किती खोल? कागदावर दोन रेघा ओढल्या की काटकोन त्रिकोण आपोआप दिसतो. तळ्याच्या काठी बसून, ओलं न होता, तळाचा ठाव घेता येतो. हा आनंद मला अजून नवा वाटतो.

मासिकांचं आणि कोड्यांचं नातंही जुनं आहे. १९१४च्या डिसेंबरात लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात एक कोडं आलं. बेल्जियममधल्या लूव्हाँ गावातल्या एका रस्त्यावर घरांना ओळीनं एक, दोन, तीन असे नंबर आहेत. एका घराच्या अलीकडच्या सगळ्या नंबरांची बेरीज आणि पलीकडच्या सगळ्यांची बेरीज सारखी भरते. घरं पन्नासांहून जास्त, पाचशेंहून कमी. तर ते घर कितवं आणि एकूण घरं किती? केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी ते खटपटीनं काही मिनिटांत सोडवलं आणि रामानुजनना वाचून दाखवलं. रामानुजन शेगडीवर भाजी ढवळत होते. ढवळता ढवळता त्यांनी एक वितत अपूर्णांक सांगितला, ज्यात या रस्त्याचंच नव्हे तर असल्या प्रत्येक रस्त्याचं उत्तर ओळीनं बसलेलं होतं. आठ घरांच्या रस्त्यावर सहावं घर तसं आहे: एक ते पाचची बेरीज पंधरा, सात आणि आठची पंधरा. मोठ्या रस्त्यावरचं घर वाचकांनी शोधावं. भाजी ढवळत शोधलं तरी चालेल.

आणि आपले कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. गणिताची पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खोली नाही. पुस्तिका बऱ्याचदा पदरमोड करून छापलेल्या. आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांना त्यांचे संख्यांचे प्रयोग पोरखेळ वाटत. कापरेकरांनी खेळ हा शब्द कधी कमीपणाचा मानला नाही. १९४९ साली त्यांनी जी कृती प्रसिद्ध केली, तिलाही त्यांनी एकट्यानं खेळायचा खेळच म्हटलं.

कोणतीही चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. २०२५ घेऊ. आकडे उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. ५२२० उणे ०२२५, म्हणजे ४९९५. हेच पुन्हा करा: ५३५५, मग १९९८, मग ८०८२, मग ८५३२, आणि मग ६१७४. पुढं कितीही वेळा करा, ६१७४च. दुसरी कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत इथंच येऊन थांबाल. जत्रेतल्या सगळ्या वाटा देवळापाशी याव्यात तसं.

यात चमत्कार नाही, आणि म्हणूनच ते जास्त सुंदर आहे. आकडे उतरत्या क्रमानं लावल्यावर पहिल्या आणि चौथ्या आकड्यातला फरक, आणि मधल्या दोघांतला फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर वजाबाकी ठरते: पहिला फरक गुणिले ९९९, अधिक दुसरा फरक गुणिले ९०. पहिला फरक एक ते नऊ, दुसरा त्याच्याहून मोठा असू शकत नाही. मोजलं तर अशा फक्त ५४ जोड्या निघतात. पुढं शून्य असलेल्या धरून ९९९० संख्या आहेत, त्या पहिल्याच वजाबाकीत जास्तीत जास्त ५४ वाटांवर येतात. उरलेलं काम एका संध्याकाळचं, पेन्सिल आणि पाठकोऱ्या कागदांचं.

कापरेकरांनी संख्यांना माणसांसारखी नावं दिली. २१ मध्ये तिचेच आकडे मिळवले तर २४ येते, म्हणजे २४ला जन्म देणारी २१ आहे. पण २०ला जन्म देणारी कोणतीच संख्या नाही. अशांना ते स्वयंभू म्हणत, आणि देवळाली संख्याही म्हणत. १२१, १२३२१ यांच्या कुळाचं 'डेम्लो' हे नाव डोंबिवली स्टेशनावरून आलं. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. तसल्या संख्यांना आता जग कापरेकर संख्या म्हणतं. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं. तिथंही एक मासिकच उपयोगी पडलं, याचा एक संपादक म्हणून मला अभिमान वाटतो.

आता थोडं रागाचं. मोबाइलवर रोज फिरणारी ती चित्रं: केळ्यांचा घड, सफरचंद, खाली 'फक्त हुशारच सोडवतील'. घडातलं एक केळं गुपचूप कमी केलेलं असतं आणि त्यावर आपल्याला चूक ठरवतात. ही कोडी नव्हेत. खऱ्या कोड्यात लागेल ते सगळं समोर मांडलेलं असतं, फक्त आपल्याला ते दिसत नसतं. सतरा उंट आणि तीन मुलगे हे कोडं बघा. थोरल्याला अर्धा वाटा, मधल्याला तिसरा, धाकट्याला नववा. वाटेनं जाणारा शहाणा आपला उंट त्यात घालतो, अठरांची वाटणी करतो आणि स्वतःचा उंट घेऊन निघून जातो. गोम लपलेली नाही, ती मृत्युपत्रातच उघडी पडलेली आहे. अर्धा, तिसरा आणि नववा यांची बेरीज करून बघा.

१९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांच्या हातून फिरत आला आहे. फराळाच्या तेलकट बोटांचे डाग पडलेली पानं मी अभिमानानं जपून ठेवली आहेत. दिवाळीत घर भरलेलं असतं, आणि कोड्याला नेमकं तेच लागतं: घालणारा एक आणि अडणारे चार. म्हणून विनंती आहे. अंकातलं एखादं कोडं सुटलं तर पानावर उत्तर लिहू नका, अंक पुढं कुणाच्या तरी हातात जाणार आहे. आणि मोबाइल शेजारच्या खोलीत ठेवा, निदान लक्ष्मीपूजन होईपर्यंत.

आजीचं कोडं मला तिसऱ्या दिवशी सुटलं. मामाचं मुंबईहून पत्र आलं होतं. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळं पत्र आलं की ते वाचून दाखवायचं काम माझं. ती तांदूळ निवडत बसलेली, मी समोर मांडी घालून. दुसरी ओळ वाचता वाचता मी थांबलो. कागदाकडं बघितलं. मग आजीकडं. आणि एवढ्या जोरात ओरडलो की सुपाकडं आलेली चिमणी उडाली.

तिनं मान वर केली. या वेळी ती हलवली नाही.

"बरोबर," ती म्हणाली. "आता पुढचं वाच. आणि रात्री तू मला घाल."